मानेतली गाठ आणि तिच्या जाती

हिच्या मानेत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती म्हणून ही गप्प राहिली. हळदीकुंकवाला आलेल्या मावशींनी पाहिली, तेव्हा मला कळलं.

डॉक्टरांनी हिला पाणी प्यायला लावलं. घोटाबरोबर गाठ वर गेली, खाली आली. “कंठातल्या ग्रंथीची आहे,” ते म्हणाले. घरी येऊन मीही आरशासमोर पाणी पिऊन पाहिलं, तर माझीही हलली, आणि हिच्याहून मोठी.

“अहो, तो कंठमणी. पुरुषांना असतोच,” ही म्हणाली. “निदान आजारी तरी मला एकटीला पडू द्या.”

ऑपरेशन करून गाठ काढली आणि तपासणीसाठी आग्र्याला पाठवली. निकाल येईपर्यंत मला चैन नव्हती. हिचे टाके काढायच्या वेळी मी डॉक्टरांना स्पष्टच विचारलं.

“बहुतेक गाठी साध्याच असतात,” ते म्हणाले. “कॅन्सर निघाला तरी तो एकच नसतो. एक जात वर्षानुवर्षं सावकाश वाढते. पसरली तर बहुधा मानेतल्याच दुसऱ्या गाठींत. काढून टाकली की माणसं पुढे खूप जगतात. दुसरीही सावकाश, पण रक्तातून हाडांत, फुप्फुसांत जाऊ शकते. तिसरी बहुतेक म्हातारपणी होते. काही आठवड्यांत वाढून श्वास कोंडते. तिच्यापुढे आमचं फारसं चालत नाही.”

“शंभरात पहिल्या जातीच्या किती?”

“वहिनींना शंभर माना नाहीत. एकच आहे. तिचा निकाल येऊ द्या.”

ही मात्र हसत होती. “म्हणजे पहिली जात पुण्याचा पाहुणा. बसला की हलत नाही, पण घर मोडत नाही. दुसरा आपल्याकडे उतरून परस्पर इतरांकडेही मुक्काम करतो. आणि तिसरा आला तर घर आपणच सोडायचं.”

डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही.

निकाल आला. कॅन्सरच होता, पण पहिल्या जातीचा. गाठ पूर्ण निघाली होती. दर सहा महिन्यांनी मान दाखवायची, एवढंच.

आम्ही टांग्यानं परत निघालो. दौलतगंजाच्या बाजारात ही टांगा थांबवून कैरीवालीला म्हणाली, “दस सेर देना.”

“दहा? गेल्या वर्षी पाच शेरांचंच लोणचं घातलं होतंस.”

“यंदा घालणारच नव्हते. मुरेपर्यंत मी असेन की नाही, कोणाला ठाऊक होतं? आता त्यातलं अर्धं मी एकटी खाणार आहे.”

मी भाव न करता पैसे दिले. टोपली माझ्या मांडीवर आली.