रिकामा डबा

ईस्टरच्या सुट्टीत लंडनजवळच्या पिनरहून आम्ही क्योटोला गेलो, तेव्हा एका गल्लीत आठवडाभरासाठी घर घेतलं होतं. समोर एक आजीबाई राहायच्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. रोज सकाळी त्या कचऱ्याच्या पिशव्या कावळ्यांनी फाडू नयेत म्हणून त्यांच्यावर जाळी टाकायच्या आणि पलंगावरची चादर असावी तसे तिचे कोपरे सारखे करायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी दोन्ही हातांनी एक छोटा लाल डबा पुढे केला. आत चेरीच्या पानात गुंडाळलेली तांदळाची गुलाबी मिठाई होती. आमची आई डबा रिकामा परत देणार होय! तिनं घरून आणलेले बेसनाचे लाडू भरून दिले. दुसऱ्या सकाळी डबा पुन्हा हजर, आत मुळ्याचं लोणचं. मग आमच्या चकल्या गेल्या, मग त्यांचा भात आला.

"आजी, प्लीज स्टॉप," माझी मुलगी म्हणाली. "त्यांचा पण सेम रूल आहे. त्या थांबूच शकत नाहीत."

"मग मी बरी थांबेन!" आई म्हणाली.

निघायच्या सकाळी त्या डबा घेऊन आल्या, तेव्हा आईचा चेहरा पडला. द्यायला घरात काहीच उरलं नव्हतं. त्यांनी हसत झाकण उघडलं. डबा रिकामा होता. मुलीच्या फोनमध्ये त्या काहीतरी बोलल्या आणि फोननं सांगितलं, "आता भरून आणायची पाळी तुमची."

आई ऐंशीची आहे. एवढा प्रवास पुन्हा व्हायचा नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पण तो डबा किचनच्या खिडकीत आहे, आणि ती त्यात कुणाला साधी लवंगसुद्धा ठेवू देत नाही.