वेल्काची मान

द्रेनिनात टपाल वाटणारी वेल्का लोकांची पोस्टकार्डं वाचते, असा गावाचा जुना संशय होता. पण तिला वाचताना पकडलं कुणीच नव्हतं. पिशवी खांद्याला, पावलं उतारावर भराभरा, आणि हातातलं कार्ड जरासं तिरकं. दारात पोचेपर्यंत मजकूर पाठ. "चालता चालता कुणाला वाचता येतं का?" असा तिचा बिनतोड सवाल असे. शेजारच्या गेनाआजीचा चष्मा कायम हरवलेला, त्यामुळे तिला मात्र हे सोयीचंच होतं.

"आजी, लेक वार्नाला पोचली. समुद्र गार आहे म्हणते, आणि जावई परत खोकतोय."

"खोकू दे. कार्ड दे इकडे, फळीवर ठेवते."

मार्चात वेल्काला पडसं झालं. ते उतरत आलं असताना एका सकाळी ती पलंगावर उठून बसली, आणि खोली भिंगरीसारखी फिरायला लागली. ती पलंगाची कड धरून बसली, तर पलंगही फिरायला लागला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक सोफियात. गेनाआजीनंच उशाशी बसून तिला दही-पाणी पाजलं.

भिंगरी चार-पाच दिवसांत थांबली. वेल्का पिशवी घेऊन बाहेर पडली, आणि मग खरी गंमत सुरू झाली. ती उभी असली की गाव उभं. तिनं पाऊल टाकलं की गाव उड्या मारी. चर्चचा मनोरा, कुंपणं, कुंपणावरच्या कोंबड्या, सगळं तिच्या पावलागणिक वरखाली. मान वळवली की रस्ता ओढलेल्या चादरीसारखा मागून येई. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येईना, कारण चेहरा एका जागी ठरेच ना. पोस्टकार्डावरची अक्षरं तर मुंग्यांचं वारूळ उकरावं तशी पळत. वाचायचं तर थांबायलाच हवं. वेल्का रस्त्याच्या मधोमध थांबली, आणि पहिल्याच दिवशी पकडली गेली.

"काय म्हणतो माझा भाऊ?" न्हाव्यानं दुकानाच्या दारातून विचारलं.

"पत्ता बघत होते."

"पत्ता मागच्या बाजूला नसतो, वेल्के."

शिवाय ती चालताना झोकांड्या खाई. पिठाच्या गिरणीवर कुणीतरी म्हणालं की बाई सकाळीसकाळीच राकिया घेते. वेल्कानं हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याची बस धरली.

तिथली डॉक्टरीण इस्क्रा तिच्या लेकीच्या वयाची होती. तिनं वेल्काचं डोकं दोन्ही हातांत धरून झटकन वळवलं आणि डोळ्यांत पाहिलं.

"मावशी, तुमचा डावा कान रुसलाय."

"ऐकू तर नीट येतं मला."

"ऐकण्याचा नाही, तोल सांभाळणारा. डोकं हललं की कान डोळ्यांना कळवतो, आणि डोळे तेवढेच उलटे सरकतात. म्हणून आपण चाललो तरी जग जागेवर दिसतं. तुमचा निरोप अर्धाच पोचतोय."

"म्हणजे टपालाचाच घोटाळा की."

डॉक्टरीण हसली. "औषधापेक्षा सवय बरी. एक अक्षर समोर चिकटवायचं, नजर त्यावरून काढायची नाही, आणि मान आडवी हलवायची. मग वरखाली. मध्ये तोडायचं नाही, बोलायचं नाही."

वेल्कानं समोरच्या तुतीच्या खोडाला एक जाडजूड अक्षर चिकटवलं आणि फाटकाशेजारच्या बाकावर बसून मान हलवायला लागली. आता आमच्याकडे मान आडवी हलते ती होकाराला आणि वरखाली होते ती नकाराला. बाकीच्या जगात म्हणे उलटं असतं. त्यांचं त्यांना लखलाभ. पण यामुळे झालं असं, की पहिल्याच आठवड्यात न्हावी तिची तांब्याची कढई मागून घेऊन गेला आणि गिरणीवाल्यानं तिच्या हिरव्यागार गवतात आपली शेळी बांधली. दोघांनी रीतसर विचारलं होतं, आणि दोघांना ठसठशीत होकार मिळाला होता. पाववाला मात्र वरखालीच्या वेळेला आला आणि पाव न देताच परत गेला.

मग एका सकाळी ते अक्षर थांबलं. मान हलत होती आणि अक्षर खोडावर खिळा ठोकल्यासारखं स्थिर होतं. आता आकाश कोसळलं तरी थांबायचं नाही, असं तिनं ठरवलं. नेमका तेव्हाच ओढ्यापलीकडचा मधमाशीवाला दोब्री, टोपी हातात घेऊन, बाकाशी येऊन उभा राहिला. विधुर माणूस, बोलायला मोजका.

"वेल्के, मी म्हणत होतो... तुझं घर एकटं, माझं घर एकटं. लग्न करशील माझ्याशी?"

वेल्काची मान आडवी हलत राहिली. दोब्रीनं जरा वेळ ते पाहिलं, टोपी घातली, आणि शीळ घालत निघून गेला.

दुपारपर्यंत गेनाआजी चीज भरलेली बनित्सा भाजून घेऊन आली. "मला आधी सांगितलं नाहीस," एवढंच म्हणाली.

वेल्का तडक निघाली. ओढ्यावरचा फळ्यांचा साकव टाळून ती लांबच्या सडकेनं गेली. सडक उडत होती, पण रागाच्या भरात तिला तेवढं जाणवलं नाही. दोब्री पेट्यांपाशी होता. तिला पाहून जिथल्या तिथे उभा राहिला, आणि ती पोचेपर्यंत हलला नाही.

"तो व्यायाम होता, दोब्री."

"माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग शेळी? कढई?"

"म्हणूनच तर बांधली आणि नेली."

"आणि तू?"

दोब्रीनं टोपी काढून पुन्हा घातली. "मी आठवडाभर कुंपणाआडून बघत होतो, आडवी कधी आणि वरखाली कधी. म्हटलं, खरं उत्तर नंतर जे असेल ते असो. एकदा होकार बघून तर घ्यावा."

वेल्काला रागवायचं होतं. तिला हसू आलं, आणि हसताना डोकं हललं म्हणून दोब्री, पेट्या आणि मागचा डोंगर तिघंही हलले.

"घरी सोडतो," तो म्हणाला. "साकवानं जाऊ, जवळ पडेल."

साकवावर पाणी भरधाव खालून जात होतं. मधोमध आल्यावर वेल्कानं त्याची बाही घट्ट धरली. साकव तिला घेऊन उलट्या दिशेनं, डोंगराकडे सरकायला लागला होता.

"दोब्री, माझं पुन्हा सुरू झालं. साकव पळतोय."

"पाण्याकडे बघते आहेस?"

"हो."

"मग पळणारच. माझाही पळतोय."

"तुझाही? तुझे कान तर धड आहेत."

"सगळ्यांचाच पळतो. लहानपणी आम्ही त्यासाठीच इथे यायचो. फुकटची नाव."

वेल्कानं पुन्हा खाली पाहिलं, मुद्दाम. दोघं कठड्याला टेकून उभे राहिले, आणि साकव त्यांना घेऊन डोंगराकडे निघाला.

द्राक्षं उतरली तेव्हा त्यांचं लग्न झालं. गिरणीवाल्यानं जेवणाला शेळीचं दूध पाठवलं.