मालूबाईनं घातलेला पटका

निपाणीच्या आमच्या गल्लीतली गुणाबाई विड्या वळायची, आणि विड्यांपेक्षा गोष्टी जास्त. आमच्या पडवीत उजेड चांगला, म्हणून दुपारी मांडीवर सूप घेऊन बायका तिथंच बसत. मी आत भाजी निवडत ऐकायची.

अठ्ठ्याहत्तर साली गल्लीतल्या रवळूचा जत्रेसाठी पोसलेला बोकड चोरीला गेला. पहाटे चोराला पाहिलं ते एकट्या गुणाबाईनं. पहिल्या दिवशी तिची हकिकत एका विडीत संपली : "कोण तरी बोकड खांद्यावर टाकून गेला." एवढ्यावर बायकांचं कुठलं भागायला! मालूबाई म्हणाली, "डोक्याला पटका आसंल की गं." दुसऱ्या दिवशी पटका होता. सुलाबाईला तो तांबडा हवा होता, तांबडा झाला. पुढं तर चोर लंगडायलाही लागला.

मी आतून म्हटलं, "अगं, परवा त्याचे दोन्ही पाय धड होते."

"वैनी, तुमी भाजी निवडा."

गल्लीत तांबडा पटका बांधणारा, लंगडणारा माणूस एकच, भरमू हमाल. रोज दुपारी तो पडवीसमोरूनच जायचा, तेव्हा चोराला तो पाय कुठून मिळाला हे सांगायला नको. हवालदारानं भरमूला उचललं. त्याला शिक्षा झाली असती तर त्याची बायको तानीबाई पोरं घेऊन कुठं जाणार होती?

कोर्टात गुणाबाई इरकली लुगडं नेसून, लग्नाला आल्यासारखी उभी राहिली. भरमूच्या वकिलांनी एवढंच विचारलं, "बोकडाचं तोंड कुणीकडं होतं?"

"माझ्याकडं. टकामका बघत हुता की!"

"आणि चोराचं?"

गुणाबाईनं मान वर केली. समोर भरमू बोडक्या डोक्यानं हात जोडून उभा होता.

"पलीकडं," ती पुटपुटली.

"मग तुमच्या जबानीत चोराला मिशी कुठून आली?"

"हवालदारसायबांची. त्येंनीच कानडीत इचारलं, 'मीसी इत्तेनु?' मिशी हुती का म्हून. वर्दीतल्या माणसाला न्हाय कसं म्हणायचं?"

हवालदारानं स्वतःच्या मिशीवर हात ठेवला. कोर्ट हसलं.

"पटका?"

"मालूबाईनं घातला."

"लंगडणं?"

"त्ये भरमूचंच. रोज बघतो न्हवं आमी त्येला."

"मग बाई, तुमचं स्वतःचं काय?"

"बोकड, सायेब. त्येला कुठंबी वळखीन."

भरमू सुटला. बाहेर येताच गुणाबाई तोऱ्यात म्हणाली, "सोडवलं का न्हाय रं तुला?"

"अडकवलं कुणी, आक्का?"

गुणाबाईनं पदर सावरला आणि घरची वाट धरली. दोन दिवस पडवीत तिच्या गोष्टींपेक्षा विड्याच जास्त झाल्या. तिसऱ्या दिवशी मालूबाईनं हळूच काडी टाकली, "गुणाक्का, तुजं बोलणं ऐकून जज्जसायेब उठून उभा ऱ्हायला म्हणं?"

गुणाबाईनं विडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली, एकदा आत माझ्याकडं बघितलं.

"उभा न्हाय ऱ्हायला," ती म्हणाली. "खुर्ची तेवढी कुरकुरली."