चुन्याच्या चार बायका

जालन्याच्या कारखान्यांपलीकडे, शेताच्या बांधाला लागून समाधीची एक जुनी छत्री आहे. तिच्या चार कोपऱ्यांवर चुन्यात घडवलेल्या चार बायका हात जोडून उभ्या आहेत. जुन्या चुनेकामाची डागडुजी हा माझा धंदा. बायकांचे चेहरे काळे पडले म्हणून मला बोलावलं होतं.

छत्रीची झाडलोट शेजारच्या एक मावशी करायच्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, मागच्या साली मी धुऊन पाह्यलं. तर पांढरं पाणी खाली आलं. तवापासून हात लावला न्हाई."

पांढरं पाणी म्हटल्यावर मी लगेच शिडी लावली. ते पाणी म्हणजे चुनाच.

शिडीवर चढून मी पहिलीच्या गालावर बोट वाजवलं. आवाज पोकळ आला. मऊ ब्रश नुसता टेकवला, तर काळं कवच नाकासकट माझ्या तळहातावर उतरलं. आत ओल्या पिठासारखा भुगा होता. कारखान्यांतून येणारा गंधकाचा धूर पावसात मिसळतो, चुन्याचा जिप्सम करतो, तो फुगतो आणि आतून सगळं सुटं करतो. हे मी दुसऱ्यांना कितीदा समजावलं होतं. आता मात्र नाक माझ्याच तळहातावर होतं.

"काय झालं?" खालून मावशींनी विचारलं.

काही नाही, असं ओठांवर आलं होतं. पण मी म्हणालो, "नाक गेलं. माझ्या हातानं."

मावशी म्हणाल्या, "दगडाचुन्याचं असं होऊन राह्यलं, मंग माझ्या छातीत काय झालं असंल? मी तर बारा महिने इथंच ऱ्हाते."

"एकदा दवाखान्यात दाखवू," मी म्हणालो.

दुपारी पावसाची सर आली. मी स्टीलच्या वाडग्यात पाणी धरून त्यात आम्लता तपासायची पट्टी बुडवली. पाऊस थोडा आंबट असतोच, पण पट्टीचा रंग त्याच्याही पुढे गेला. वाडगं ठेवून मी आधी उरलेल्या तिघींकडे धावलो. एकेकीच्या कपाळावर कान लावून बोट वाजवलं. दोघी पोकळ निघाल्या.

त्या आठवड्यात आम्ही बांबू रोवून वर पत्रे टाकले. आतला भुगा घट्ट व्हावा म्हणून सुईने, थेंब थेंब, चुन्याची निवळी, म्हणजे चुन्यावरचं स्वच्छ पाणी, आत सोडली. तिघींचे चेहरे तूर्त वाचले. पहिलीला नवं नाक बसवायचं माझं धाडस झालं नाही. मावशींना दवाखान्यात नेलं, तेव्हा दम्याचं औषध सुरू झालं. पण त्यांनी घर काही सोडलं नाही.

पत्र्यांनी पाऊस अडतो, हवा अडत नाही. मोठी सर येऊन गेली की मावशींचा फोन येतो. बहुतेक वेळा त्या फक्त पाऊस झाल्याचं सांगतात. तरी फोन वाजला की उचलायला मला वेळ लागतो.