मेंढ्याला मखमल, काकूंना फरशी

उत्तराकाकू इथे परदेशात एका म्युझियममध्ये पहारेकरी होत्या. त्यांच्या दालनात इराणचा अडीच हजार वर्षांपूर्वीचा चांदीचा पेला होता. वरून शिंगासारखा, खाली मेंढ्याचं डोकं. त्या मेंढ्याला बसायला मखमलीची गादी, आणि साठी उलटलेल्या काकूंनी मात्र सुजलेल्या टाचांवर दिवसभर उभं राहायचं! काकांचं डायलिसिस याच नोकरीच्या इन्शुरन्सवर चालायचं, म्हणून त्या गप्प होत्या.

"खुर्ची मागा काकू, मी येते भांडायला," मी म्हणायचे.

"तू भांडून घरी जाशील गं. उद्या तिथे मलाच उभं राहायचंय."

गेल्या आठवड्यात पायात गोळा आला, तशा काकू सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या, हळदीकुंकवाला बसावं तशा. सुपरवायझर धावत आला. "गेट अप! लोक बघतायत."

"बघू देत. तो मेंढासुद्धा बसलाय. खुर्ची आणा, उठते."

खुर्ची आली नाही, काकूंची नोकरी गेली. मी वकिलांना फोन करतेय. काकू इन्शुरन्सवाल्यांना विचारतायत, "सोमवारचं डायलिसिस तरी होईल ना हो?"