जोडीतलं दुसरं पिस्तूल

वर्षभराच्या अबोल्यानंतर मी आणि दादा भाचीच्या हट्टाखातर संग्रहालयात गेलो होतो. तिथे एका लाकडी पेटीत, हिरव्या बनातीच्या खाचांत, द्वंद्वासाठी घडवलेली दोन चकमकीची पिस्तुलं उलटसुलट निजलेली होती.

"फरक शोधून दाखवा," रखवालदार काका म्हणाले.

मी काचेला नाक लावलं. मुठीवरची जाळी, घोड्याचा बाक, त्याच्या जबड्यातली गारगोटी, सगळं हुबेहूब.

"पेटी एकाची असली, तरी आधी उचलायचं ते समोरच्यानं. म्हणून दोन्ही सारखी," काका म्हणाले.

म्हणजे त्या कारागिरानं वैऱ्याच्या पिस्तुलावरही तितक्याच मायेनं कानस चालवली होती. मारायच्या वस्तूत एवढा न्याय! आमच्या आईचाही हाच नियम असायचा. खरवसाची वडी एकानं कापायची, दुसऱ्यानं आधी उचलायची. मी कापायला बसले की श्वास रोखून मधोमध सुरी धरायचे. त्या अनोळखी कारागिराला मी मनातल्या मनात हात जोडले.

बाहेर टपरीवर दादानं एक चहा दोन ग्लासांत ओतला. डोळ्यांसमोर धरून थेंब थेंब इकडचा तिकडे केला. मग दोन्ही ग्लास माझ्यापुढे सरकवले.

"उचल," तो म्हणाला. "आधी तू."