चौकाला वळसा

उस्तादांची उभी हयात त्या चौकाला वळसे घालण्यात गेली. शहरातली सगळ्यात जुनी जागा ती. मधोमध दगडी कारंजं, भोवती झिजलेल्या पायऱ्या. लोक लांबलांबून बघायला यायचे, आणि उस्ताद बस घेऊन दिवसभर त्याच्याभोवती गरागरा फिरायचे. आत मात्र पाऊल टाकलं नाही. बायको कधीमधी पुढच्या सीटवर असली की म्हणायची, "अहो, एकदा त्या पायऱ्यांवर बसू या की दोघं."

"रिटायर झालो की पहिल्याच दिवशी!" हे ठरलेलं उत्तर.

झाले एकदाचे रिटायर. पहिला दिवस गेला, पहिलं वर्षही गेलं. शेवटी बाईंनी थर्मासात चहा भरला, पिशवीत दोन कप टाकले आणि चपला घालून दारातच उभ्या राहिल्या. मग काय करतो बिचारा!

चौकाशी आले खरे, पण आत जायचं कसं? रस्त्यावर पांढरे पट्टे होते, त्यांना विचारतो कोण? गाडीला गाडी लागलेली. उस्ताद एक पाऊल पुढे टाकायचे, हॉर्न वाजला की दोन मागे. पायी रस्ता ओलांडायची सवयच नव्हती हो त्या माणसाला!

"जरा थांबायला काय होतं ह्यांना?" ते करवादले.

"तुम्ही कधी थांबलात?"

तेवढ्यात वळणावर बस दिसली. चालवणारा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. उस्तादांनी ऐटीत हात वर केला. पठ्ठ्यानं ओळखलं, वाकून नमस्कारही केला, आणि गाडी तशीच दामटली.

"उस्ताद, चौकात ब्रेक मारायचा नाही, तुम्हीच शिकवलंय!"

"तेव्हाच कानाखाली वाजवायला हवी होती," उस्ताद लालबुंद झाले. "चल घरी. नाही बसायचं मला पायरीबियरीवर."

बाईंनी पिशवी काखोटीला मारली, हात आडवा धरला आणि चालू पडल्या. ब्रेक करकचले, कुणीतरी शिवी हासडली, पण थांबल्या की गाड्या! पलीकडे पायरीवर त्या ऐसपैस बसल्यासुद्धा.

"अगं, मी राहिलो ना इकडे!"

"या की! चहा निवतोय!"

उस्तादांनी पाय टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. अखेर बाईच परत आल्या आणि त्यांचं मनगट धरलं. "डोळे मिटा आणि चला."

पायरी तापलेली, चहा कोमट, आणि कारंजं चक्क कोरडं. त्यात उस्तादांचं तोंड रस्त्याकडेच. "बघ, बघ, वळण कसं घेतलंय गाढवानं!"

बाईंनी खांदे धरून त्यांना कारंज्याकडे वळवलं. उस्तादांनी चहाचा एक घोट घेतला. मग हळूच विचारलं, "परत कसं जायचं गं?"

"रहदारी कमी झाली की जाऊ."

"ती रात्रीशिवाय कमी होत नाही!"

बाईंनी दुसरा कप भरला. त्यांना कुठे घाई होती!